दोन ताऱ्यांचा किकर

इंटरनेटवर माझ्या मुलाच्या नावापुढे अजूनही दोन तारे आहेत. पाचांपैकी दोन. ते पान मी शेवटचं कधी उघडून पाहिलं हे सांगत नाही, कारण मी तो नाद केव्हाच सोडला असं घरात सगळ्यांना वाटतं. पण त्या दोन ताऱ्यांवरून माझं डोकं अजूनही फिरतं. रागाचा काही भाग तारे देणाऱ्यावर आहे, काही भाग त्या वर्षावर आहे, आणि उरलेला कुणावर आहे ते सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल.

आम्ही नेदरलँड्समध्ये, न्यूनेन गावात राहतो. मी आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या मोजमापाचं काम करते. एखादी गोष्ट किती आहे ते सांगायचं, आणि आपण त्यात किती चुकत असू तेही सांगायचं. हा दुसरा आकडा नसेल तर पहिल्याला आमच्याकडे कुणी विचारत नाही. इतकी वर्षं हेच केल्यावर ते माणसाच्या स्वभावात उतरतं. भाताला पाणी किती घालायचं असं कुणी विचारलं तर लोक म्हणतात, दोन वाट्या, थोडं कमीजास्त. माझा नवरा म्हणतो, ही मात्र कमीजास्त म्हणजे किती तेही सांगते.

मुलगा इथेच वाढला. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत नाहीतर डचमध्ये येतं. वाढू का, स्वेटर देऊ का, सोबत येऊ का, काहीही विचारा, तो म्हणणार, "हुफ्त नीत." गरज नाही. वयाच्या बाराव्या वर्षापासून आमच्या घरात सर्वांत जास्त बोलला गेलेला शब्द हाच असेल.

लहानपणी तो इथल्या सगळ्या मुलांसारखा फुटबॉल खेळायचा. पंधरा वर्षांचा असताना शाळेतल्या एका मित्राने त्याला अमेरिकन फुटबॉलच्या क्लबात नेलं. हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड घालून धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळतात आणि लांबट चेंडू पळवतात, तो खेळ. माझा मुलगा काडीसारखा, तो कुणावर आदळणार? पण त्या खेळात एक माणूस असा असतो की जो सगळा वेळ बाहेर बसून राहतो आणि फक्त काही सेकंदांसाठी आत येतो. जमिनीवर उभ्या धरलेल्या चेंडूला लाथ मारून तो दोन उंच खांबांच्या मधून पाठवायचा आणि परत जाऊन बसायचं. त्याला किकर म्हणतात. पहिल्याच दिवशी मुलाने तो चेंडू असा काही पाठवला की सराव करणारी माणसं थांबून बघत राहिली. त्या संध्याकाळी जेवताना तो अर्धा तास एकटाच बोलत होता, मध्येमध्ये चक्क मराठीत. मी आणि नवरा पोळी हातात धरून ऐकत होतो.

मग त्याच्या डोक्यात अमेरिका शिरली. तिथली कॉलेजं या खेळासाठी मुलं निवडतात, शिकवतात, आणि प्रचंड मोठ्या स्टेडियममध्ये खेळवतात. कुठली मुलं घ्यायची हे ठरवायला शाळकरी मुलांच्या याद्या असतात. वेबसाइटवर प्रत्येक मुलाच्या नावापुढे तारे, शेजारी रँक. त्याला त्या यादीत यायचं होतं आणि शाळा संपायच्या आत यायचं होतं, कारण कॉलेजं शेवटच्या वर्षातल्या मुलांनाच घेतात. त्याच्याकडे दीड वर्ष होतं. याआधी त्याने आमच्याकडे मनापासून असं काही मागितलंच नव्हतं.

रँक म्हटल्यावर मी हरखलेच. खेळातलं मला काही कळत नव्हतं, पण रँक कळत होती. दहावी, बारावी, प्रवेशपरीक्षा, सगळं आयुष्य आम्ही रँकवरच काढलं. नियम समजून घ्यायचे, अभ्यास करायचा, पेपर स्वच्छ लिहायचा, की नंबर लागतो. नवरा म्हणाला, "अगं, चेंडूला लाथ मारण्यातही रँक?" मी त्याला म्हटलं, तू गप्प बस.

आठवडाभर मी त्या याद्या कामातल्या कागदांसारख्या वाचल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोठ्या वेबसाइट्सवर चेंडू फेकणाऱ्याला पाच तारे, पळणाऱ्याला पाच, अडवणाऱ्याला पाच. किकर कितीही चांगला असो, त्याला दोन, फार तर तीन. का, तर म्हणे हे तारे मुलगा किती चांगला खेळतो याचे नसतातच. पुढे जाऊन त्याच्यासाठी किती जण भांडतील याचा तो अंदाज असतो, आणि किकरसाठी कुणी भांडत नाही. एका कॉलेजला एक किकर मिळाला की तीन-चार वर्षं दुसऱ्याची गरज नाही. शेवटच्या सेकंदाला सामना याच माणसाच्या पायावर येऊन थांबतो, हरलं की शिव्या यालाच, पण तारे मात्र नाहीत. आणि त्याच्या माहितीत काय लिहिलेलं असतं? उंची आणि वजन. माझा मुलगा चेंडू किती लांब आणि किती सरळ मारतो याला रकानाच नव्हता.

त्यावर उपाय म्हणून किकर लोकांच्या वेगळ्या याद्या निघाल्या होत्या. निवृत्त झालेले किकर शिबिरं भरवतात, मुलांना एकामागून एक किक मारायला लावतात, स्वतः बघून नंबर काढतात. इथे किकरलाही पाच तारे मिळू शकतात आणि कॉलेजचे कोच हीच यादी बघतात. पण यादीत यायचं तर शिबिराला जायलाच हवं. क्लास त्यांचा, परीक्षा त्यांची, निकाल त्यांचाच. तरी मी म्हटलं, असू दे. दोन हजार वीसच्या उन्हाळ्यातलं एक शिबिर आम्ही ठरवलं, विमानाची तिकिटं काढली.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. शाळा, ऑफिस, क्लब. अमेरिकेने युरोपातून येणाऱ्यांना दार लावून घेतलं. आम्हाला वाटलं, सगळ्यांचंच थांबलंय, त्यात काय. पण थोड्या महिन्यांनी तिकडची काही शिबिरं मास्क लावून सुरू झाली आणि तिकडच्या मुलांचे नंबर लागू लागले. साथीमुळे कॉलेजच्या कोचना मुलांना प्रत्यक्ष भेटायला बंदी होती, त्यामुळे ते आता नुसत्या याद्यांवर आणि व्हिडिओंवर विसंबून होते. म्हणजे ज्या वर्षी सगळं यादीवर ठरणार होतं, त्याच वर्षी यादीत जायचा रस्ता आम्हाला बंद. मी टीव्हीसमोर बसून पंतप्रधानांच्या पत्रकार परिषदा बघायचे आणि दातओठ खायचे. मुलगा मध्येच उठायचा. चेंडू घेऊन बाहेर जायचा.

आमच्या घरामागे सायकलच्या रस्त्यापलीकडे एक कुरण आहे, त्याच्या कडेला पॉप्लरची झाडं. त्यातली दोन जवळजवळ गोलच्या खांबांइतक्या अंतरावर आहेत. तो त्यांच्यामधून मारायचा. पण त्याला चेंडू धरायला कुणी नव्हतं. सामन्यात एक जण गुडघा टेकून बसतो आणि चेंडूच्या वरच्या टोकावर एक बोट ठेवून तो उभा धरतो. क्लब बंद, मित्रांना दीड मीटर लांब राहायचं. त्याने चेंडू धरायचा एक लोखंडी स्टँड मागवला होता, पण आमच्या ब्राबंट प्रांतातला वारा तो आडवा करायचा. मी विचारलं, मी येऊ का? हुफ्त नीत. तिसऱ्या दिवशी मात्र तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते.

"आई, आर यू बिझी?"

मी मीटिंगमधून उठले.

बागकामाची रबरी गादी गुडघ्याखाली घेतली, बोट चेंडूवर ठेवलं. तो मागे गेला आणि धावत आला. त्याचा चव्वेचाळीस नंबरचा बूट आपल्या हातावर येतोय असं दिसणं काय असतं ते सांगून कळायचं नाही. मी डोळे गच्च मिटले. तो हसला आणि म्हणाला, "डोळे मिट, इट्स फाइन. जस्ट कीप द फिंगर." आठवड्याभरात डोळे उघडे राहू लागले आणि मला माझीच पाठ थोपटावीशी वाटली.

ते वर्ष सगळ्यांना नकोसं झालं होतं, पण ती एक गोष्ट मला हवीशी होती. रोज काम संपलं की आम्ही दोघं कुरणात. एकदा खेमेंटेचा, म्हणजे नगरपालिकेचा, माणूस सायकलवरून आला आणि लांबूनच ओरडून विचारता झाला, तुम्ही एकाच घरातले का? मुलाने ओरडून सांगितलं, ही माझी आई आहे. त्या माणसाने मी ओल्या गवतात गुडघे टेकून बसलेली बघितलं, अंगठा दाखवला आणि निघून गेला. घरी गेल्यावर मी वही भरायचे. प्रत्येक किकचं अंतर, वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा, चेंडूतली हवा, गेली का चुकली. वारा मोजायचं एक छोटं यंत्रही मी आणलं होतं. नवरा म्हणायचा, आता गवताची उंची तेवढी राहिली. तर तीही मी लिहीत होते.

शरद ऋतूत तिकडच्या एका शिबिरवाल्याने जाहीर केलं की परदेशात अडकलेल्या मुलांना या वर्षापुरतं व्हिडिओवरून रेटिंग देऊ. एक फॉर्म, एक व्हिडिओ, एकच संधी. घरात दिवाळी झाली. जवळच्या रग्बी क्लबाने आम्हाला मैदान वापरायला दिलं. रग्बीच्या खांबांमध्ये पाच मीटर साठ सेंटीमीटर अंतर असतं, अमेरिकन कॉलेजच्या खांबांमध्ये पाच मीटर चौसष्ट. म्हणजे आमचं गोल चार सेंटीमीटर अरुंद होतं, आणि हे मी फॉर्मसोबत मेलने पाठवायच्या पत्रात लिहिलं.

व्हिडिओवरून मात्र आमचं भांडण झालं. मुलाला दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता. फक्त बरोबर गेलेल्या किक्स, खाली संगीत. सगळी मुलं तसाच पाठवतात, तो म्हणाला. मी म्हटलं, चुकलेल्या काढून टाकायच्या? मग तो पुरावा कसला, ती जाहिरात झाली. माझ्या कामात कुणी न आवडलेली मापं गुपचूप काढून टाकली तर त्याच्याशी परत कुणी बोलत नाही. मी चाळीस किक्सचं वेळापत्रक केलं. कॅमेरा एका जागी, मध्ये काटछाट नाही, वीस वाऱ्याविरुद्ध, वीस वाऱ्याबरोबर, आणि पत्रासोबत सगळ्या आकड्यांची एक्सेल शीट. सुरुवात सर्वांत अवघड किक्सनी, वाऱ्याविरुद्ध आणि चाळीस यार्डांच्या पुढून, कारण आम्ही कुठलंही यंत्र तपासताना आधी त्याला सर्वांत वाईट परिस्थितीत चालवून बघतो. त्याने चाळीसही किक्स कॅमेऱ्यासमोर मारल्या, काही चुकल्याही, पण म्हणाला, "हे आपल्यासाठी. त्यांना माझा पाठव." आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ माझ्याकडे दिला, कारण तो अठराचा नव्हता आणि फॉर्म पालकांनीच भरायचा होता.

फॉर्ममध्ये एकच लिंक द्यायची जागा होती. मी माझा व्हिडिओ पाठवला.

आता कुणी विचारलं की का, तर मला धड उत्तर देता येत नाही. मला खात्री होती की समोर जाणकार माणूस बसला असेल, तो शीट उघडेल, वारा बघेल आणि म्हणेल, वा, हा पोरगा खरा. प्रामाणिक पेपरला मार्क मिळणारच. मुलाला मी काही सांगितलं नाही. निकाल आला की सांगू, तोच खूश होईल, असं ठरवून टाकलं.

डिसेंबरमध्ये यादी आली. दोन तारे. नंबर इतका खाली की पान सरकवत सरकवत जावं लागलं. पुढे एक ओळ होती: पाय जोरदार, चाळीस यार्डांपुढे भरवसा नाही, चेंडू उजवीकडे जातो. नावावर क्लिक केलं की व्हिडिओ उघडायचा. त्याने तो माझ्याच शेजारी उभं राहून उघडला. केशरी रेनकोटातली मी गुडघ्यावर बसलेली आणि प्रत्येक किकनंतर मराठीत मोठ्याने मोजतेय. एक. दोन. तीन, चुकली. त्याने पाचपर्यंत ऐकलं.

"मम, यू सेंट धिस?"

मी वाऱ्याचं काहीतरी बोलायला लागले. तो वर निघून गेला. त्यानंतर चेंडू शेडमध्ये गेला. जेवायला येतोस का, हुफ्त नीत. काही होतंय का, हुफ्त नीत. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी तरी उलट ओरडले असते.

म्हणून मी दुसऱ्यावर ओरडायचं ठरवलं. शिबिरवाल्याला मेलवर मेल पाठवून शेवटी त्याला व्हिडिओ कॉलवर आणलं. डोक्यावर टोपी, मागे गराज, बोलणं अगदी अदबीचं, मॅडमशिवाय वाक्य नाही.

"मॅडम, माझ्याकडे शेकडो व्हिडिओ येतात. मी पहिल्या दहा किक्स बघतो."

"पहिल्या दहा सगळ्यांत अवघड होत्या! वाऱ्याविरुद्ध!"

"वारा व्हिडिओत दिसत नाही, मॅडम."

"शीटमध्ये आहे."

"शीट मी उघडली नाही."

मला काय काय बोलावंसं वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वर्षभराची वही, वाऱ्याचं यंत्र, चार सेंटीमीटर, आणि या माणसाने शीट उघडली नाही. माझ्या मुलाचं शेवटचं वर्ष दहा किक्समध्ये आटोपलं. मी तसं म्हणालेही, आवाज चढवून. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, एक विचारू? वारा समोरून होता म्हणता ना? मग चेंडू आखूड पडायला हवेत. हे उजवीकडे का जातायत?"

मोजमापाचं काम करणाऱ्या बाईला हा प्रश्न एका टोपीवाल्याने विचारावा याची मला भयंकर लाज वाटली, आणि मी कॉल बंद केला.

शनिवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर तो व्हिडिओ एक एक चित्र करून पुढे सरकवत पाहिला. पंचवीस यार्डांवरून मारलेली किक: बूट येतो, चेंडू निघतो, माझं बोट जागेवर. तीस यार्ड, तसंच. पंचेचाळीस यार्ड: बूट अजून आलेला नाही, आणि माझं बोट चेंडूवर नाही. चेंडू किंचित माझ्याकडे कललाय. मी त्याच्या उजव्या बाजूला बसले होते. पुढची बघितली. पुन्हा तेच. जिथे जिथे तो लांबून, जोरात धावत आला होता, तिथे माझा हात डोळ्याला कळायच्या आत मागे गेला होता. उजवीकडे गेलेली प्रत्येक किक अशीच होती. डोळे उघडे ठेवायला शिकले होते, बोट ठेवायला नाही.

रोज सकाळी कामावर गेल्यावर माझं पहिलं काम काय असतं? यंत्र स्वतः किती चुकतंय ते मोजायचं, मगच त्याने बाकीचं जग मोजायचं. इथे मी वारा मोजला, हवा मोजली, गवत मोजलं. माझं बोट मोजलं नाही. आणि ते सगळं प्रामाणिकपणाच्या नावाखाली, काटछाट न करता, मुलाच्या नावावर जगाला पाठवून दिलं.

नवरा चहा घेऊन आला. त्याने दोन-तीन वेळा मागेपुढे करून बघितलं. मग म्हणाला, "त्याला माहीत असेल?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. किकर धावत येताना कुठे बघतो? चेंडूकडे. फक्त चेंडूकडे. माझ्या बोटाला त्याच्याइतकं जवळून बघणारं दुसरं कुणीच नव्हतं.

मी शिबिरवाल्याला पत्र लिहिलं. चूक माझी आहे, मुलाची नाही, हे पाहा बोट, हे पाहा चित्र. त्याचं उत्तर आलं, तेही अदबीचं. तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण प्रत्येक पालकाकडे काही ना काही कारण असतं. रेटिंग बदलायचं तर मुलाला प्रत्यक्ष बघावं लागेल. उन्हाळ्यात घेऊन या. उन्हाळ्यात! दार तर अजून बंदच होतं. चुकीचा आकडा समोर दिसतोय, चूक कुठे आहे तेही सापडलंय, आणि तरी तो बदलत नाही, हे माझ्या कामात कधी घडलं नव्हतं. कॉलेजांनी आपापली मुलं निवडली. आमच्याकडे एकाही कोचचं पत्र आलं नाही. मुलाने परीक्षा दिली, पास झाला, आणि डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात प्रवेश घेतला. ओळखीतल्या सगळ्यांनी अभिनंदनाचे फोन केले. मी आभार मानले आणि फोन ठेवल्यावर प्रत्येक वेळी भांडी आपटली.

बोटाचं मात्र मी त्याला विचारू शकले नाही. जानेवारी गेला, संचारबंदी आली आणि गेली, उन्हाळा गेला. तो डेल्फ्टला जायच्या आदल्या दुपारी आम्ही त्याची सायकल काढायला शेड उघडली. मागे चेंडू पडला होता, हवा गेलेला. मी पंप घेतला.

"हुफ्त नीत, आई."

मी हवा भरत राहिले. भरता भरता, त्याच्याकडे न बघता विचारलं, "मी बोट आधीच काढायचे. तुला माहीत होतं?"

तो सायकलच्या घंटीशी खेळत उभा राहिला. मग म्हणाला, "हो."

"मग सांगितलं का नाहीस? एकदा तरी? यादी आली तेव्हा तरी?"

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

त्याने हे मराठीत सांगितलं. असं काय बोलतोस, आले असते की, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी मला ओळखते. मी दुसऱ्याच दिवशी जड बुडाचा, वाऱ्याने न पडणारा उत्तम स्टँड शोधून मागवला असता, तो कुरणात नीट बसवून दिला असता आणि माझ्या मीटिंगमध्ये परत गेले असते. त्याला हे ठाऊक होतं. त्याने तारे पणाला लावले आणि मला ठेवून घेतलं. मी काय केलं, तर त्याला न विचारता त्याच्या चुका म्हणून माझ्याच चुका पाठवून दिल्या.

"चल," मी म्हटलं.

कुरणात गेलो. रबरी गादी आणायची राहिली, गवत ओलं होतं. त्याने पावलं मोजली, पन्नास यार्ड, म्हणजे आम्ही कॅमेऱ्यासमोर कधी गेलो नव्हतो तितक्या लांब. मी बोट ठेवलं. तो आला, तसाच, सगळं अंग झोकून देऊन, आणि माझ्या खांद्यापासून सगळं मागे पळायला लागलं. मी दुसऱ्या हाताने गवत मुठीत घट्ट धरलं. बूट आला, चेंडू गेला. बोटाला काही लागलं नाही. कधी लागणारच नव्हतं.

चेंडू दोन पॉप्लरच्या बरोबर मधून, वरून, पलीकडच्या पाण्याने भरलेल्या खंदकात पडला. बघायला आम्ही दोघंच. टोपीवाला नव्हता, कॅमेरा नव्हता, वही घरी होती. मला इतका राग आला, त्या टोपीवाल्याचा, त्या यादीचा, त्या बंद दाराचा, माझ्या हाताचा, की मी तिथेच गुडघ्यावर बसून रडायला लागले. मुलगा चेंडू घेऊन आला, पाणी निथळत असलेला. मग त्याने तो आपल्या शर्टाला पुसला आणि माझ्यासमोर टेकवला.

"आई, अजून एक?"

मी डोळे पुसले आणि बोट ठेवलं.